दारूडा नाही, भुतांनी धरलेला

रविवार, बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे बाबांना घेऊन १९३७ चा 'टॉपर' हा हॉलिवूडचा सिनेमा लावला. कृष्णधवल म्हटल्यावर त्यांनी आधी नाक मुरडलं. बँकेत हयात घालवलेला माणूस. हिरोही बँकवालाच आहे म्हटल्यावर मात्र खुर्ची पुढे सरकली.

तसा हिरो कॅरी ग्रँट, पण तो आणि कॉन्स्टन्स बेनेट सुरुवातीलाच गाडी झाडावर घालून मरतात. मग रस्त्याकडेला निवांत बसून, आपण आरपार दिसायला लागलोय म्हणजे गेलोच असणार, असा हिशोब लावतात! एखादं सत्कृत्य केल्याशिवाय वर प्रवेश नाही, म्हणून बायकोच्या वेळापत्रकात अडकलेल्या बिचाऱ्या बँकवाल्या टॉपरला जगायला शिकवायचं ठरतं.

पण खरी कमाल टॉपर झालेल्या रोलंड यंगची. झिंगलेल्या टॉपरला दोन्ही भुतं बखोटीला धरून नेतात तो सीन बघाच. भुतं अदृश्य, म्हणजे पडद्यावर हा एकटाच. खांदे वर ओढलेले, पाय लुळे, चेहऱ्यावर मात्र साहेबी इभ्रत! ऑस्करचं नामांकन उगीच नव्हतं मिळालं. बाबांनी तो तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला. चहावर साय धरली.

१९८५ मध्ये याला कॉम्प्युटरने रंग फासले होते म्हणे. कशाला, देव जाणे. भुतं काळ्यापांढऱ्यातच शोभतात.

संपल्यावर बाबा म्हणाले, "आमच्या ब्रँचला असं एखादं भूत हवं होतं." आणि नेहमीसारखे बरोब्बर साडेनऊला झोपायला गेले.