ब्रसेल्सची बेल-व्ह्यू : बंद ब्रुअरीची अर्ध्या दिवसाची फेरी

मेट्रोच्या १ किंवा ५ नंबरच्या मार्गावर ‘कोंत द फ्लांद्र’ला उतरलं की कालवा पाचेक मिनिटांवर. काठाने जाणाऱ्या के द्यू एनो रस्त्यावरची लांबलचक विटांची इमारत म्हणजे बेल-व्ह्यू. बिअरचा मात्र मागमूस नाही. एका भागात माइनिंगर हॉटेल आहे. दुसऱ्यात २०१६ साली ‘मिमा’ कलासंग्रहालय उघडलं, तेही जानेवारी २०२५मध्ये बंद झालं. जुने लेख वाचून तिकीटखिडकी शोधू नका. बाहेरून बघायला वीस मिनिटं पुष्कळ.

फिलिप व्हांडेन स्टॉक यांनी १९१३मध्ये धंदा सुरू केला तो लॅम्बिक (हवेतल्या यीस्टने आंबणारी इथली बिअर) बनवायचा नव्हे, तर विकत घेऊन मिसळायचा. १९२७मध्ये अँडरलेख्टमधला ‘बेल-व्ह्यू’ कॅफे घेतला, नाव तिथलं. स्वतःची पहिली ब्रुअरी आली १९४३मध्ये. पुढे मुलगा कॉन्स्टंट (फुटबॉलवाल्यांना अँडरलेख्ट क्लबचा अध्यक्ष म्हणून ठाऊक) याच्या काळात कंपनीने आसपासच्या ब्रुअऱ्या एकेक करून गिळल्या. शेपडालची डी नेव्ह त्यातलीच. लॅम्बिक गोड केलं, गाळून स्वच्छ केलं, खप वाढवला. १९९१मध्ये कंपनीच इंटरब्रू या बड्या बिअर कंपनीने घेतली. आता बेल-व्ह्यूचं लॅम्बिक बनतं ते शहराबाहेर, सिंट-पीटर्स-लेऊला.

या भिंतींआड काय चालायचं ते समजायला कालव्याच्या कडेने दक्षिणेला, पोर्त द अँडरलेख्टवरून र्‍यू गेउदला जा, चालत अर्धा तास धरा. तिथली कँतियों ब्रुअरी १९००पासून चालू आहे. माळ्यावर तांब्याची अवाढव्य उथळ परात दिसेल. सुमारे दोन तृतीयांश जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), बाकी कच्चा गहू, जुने हॉप्स (बिअरमध्ये घालायची कडवट फुलं). हा उकळलेला काढा रात्रभर परातीत उघडा निवतो आणि हवेतलं यीस्ट त्यात उतरतं. रात्र उबदार असली तर नको ते जीवाणू आधी माजतात, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच. उन्हाळ्यात गेलात तर परात रिकामी. कोळ्यांची जाळी बघून नाक मुरडू नका, किडे आवरायला ती मुद्दाम ठेवलेली असतात. आठवड्यात सुट्टीचे वार असतात, वेळा आधी तपासा.

चव घेताना आधी साधं लॅम्बिक, मग ग्यूझ. पहिलं जवळजवळ बिनफेसाचं; दुसऱ्यात एक, दोन, तीन वर्षांचं लॅम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवलेलं. बेल-व्ह्यूची गोड क्रीक (चेरी घातलेलं लॅम्बिक) आधी प्यालात तर दोन्ही नुसती आंबट लागतील.

बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. भारतात मद्याला शुल्कमुक्त मर्यादा २ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच. तिसरी घेतलीत की २५० मिलीने अडकलात.