खंडणी कोणाच्या हाती दिली?

पवित्र शनिवार, रात्री. ठाणे.

आज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना शेजारच्या इमारतीतले सर भेटले. निवृत्त शिक्षक, वाचन दांडगे, आणि समोरच्याला बरे वाटावे म्हणून प्रश्न गुळमुळीत करण्याची सवय नाही, हा त्यांचा मला आवडणारा गुण. काल गुड फ्रायडे होता हे त्यांच्या लक्षात होते. सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चपाशी आल्यावर ते म्हणाले, "ताई, रागावू नका, पण ज्याचे पाप त्यानेच फेडायचे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तुमचे पाप ख्रिस्ताने फेडले म्हणता, तर मग तुमच्याकडे काय उरले? आणि फेडले म्हणजे नेमके कोणाला दिले?"

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे थोडेफार उत्तर चालता चालता दिले. दुसऱ्या भागासाठी मात्र वही उघडून बसावे लागले आहे.

सरांचा आक्षेप बाहेरून आलेला नाही, हे आधी नोंदवून ठेवते. यहेज्केल संदेष्ट्याच्या 18व्या अध्यायात देव स्वतःच सांगतो की जो पाप करील तोच मरेल. बापाचा दोष मुलावर नाही आणि मुलाचा बापावर नाही. म्हणजे पापाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही हे बायबललाही ठाऊक आहे, आणि तेच बायबल मार्काच्या 10व्या अध्यायात येशूच्या तोंडून ऐकवते की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून, म्हणजे बंदिवानाला सोडवण्याची किंमत म्हणून, द्यायला आला आहे. ही दोन वचने शेजारी ठेवली की अवघडल्यासारखे होते, आणि ते अवघडलेपण झटकून टाकणाऱ्या उपदेशांवर माझा फारसा विश्वास नाही.

कोणाला दिली, या प्रश्नावर मंडळीने, म्हणजे चर्चने, कधी एकच उत्तर ठरवून दिले नाही, ही गोष्ट आपल्याच लोकांना ठाऊक नसते. नायसिन मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या प्राचीन श्रद्धाकथनात, ख्रिस्त आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी स्वर्गातून उतरला एवढेच म्हटले आहे. ते तारण कोणत्या रीतीने घडले याची मीमांसा त्यात नाही. ती ज्याने त्याने आपल्या काळाच्या बुद्धीने केली. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या धर्मपंडितापासून अनेकांना वाटले की पापामुळे मनुष्य सैतानाच्या ताब्यात गेला होता, म्हणून खंडणी सैतानाला मिळाली. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने तर गळाचे चित्र रंगवले: मानवी देहाच्या आमिषाआड देवपण दडले होते, सैतानाने आमिष गिळले आणि गळाला लागला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला मात्र हे सहन झाले नाही. दरोडेखोराला मोबदला मिळावा, आणि तोही साक्षात देव, ही विटंबना आहे, असे त्याने बजावले. आणि लगेच पुढचा प्रश्नही केला, की पित्याला दिली म्हणावे, तर आपण पित्याच्या कैदेत होतो कधी? सरांचा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने विचारून ठेवला आहे, हे त्यांना सांगितले तर त्यांना आनंद होईल.

पुढे कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने 1098 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात सैतानाला हिशेबातूनच वगळले. पापाने देवाचा मान हिरावला जातो. तो भरून देणे मनुष्याचे कर्तव्य आहे, पण तेवढी ऐपत केवळ देवाची. म्हणून देवाने मनुष्य व्हावे लागले. अबेलार्ड या फ्रेंच धर्मपंडिताने बाराव्या शतकात वधस्तंभावरच्या प्रीतीने मनुष्याचे मन कसे पालटते यावर भर दिला, आणि सोळाव्या शतकात कॅल्विन आदी प्रॉटेस्टंट सुधारकांनी न्यायासनाची भाषा आणली: शिक्षा आमची, भोगली त्याने. आमच्या मराठी मंडळ्यांच्या व्यासपीठांवरून बहुधा ही शेवटची मांडणीच ऐकू येते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण निष्काळजीपणे सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात पिता हा वसुलीला बसलेला सावकार होतो आणि पुत्र हा मध्ये पडलेला कोणी तिसराच माणूस होतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये राहून जगाचा स्वतःशी समेट करत होता. किंमत भरणारा आणि ज्याचा अपमान झाला तो, हे दोघे वेगळे नाहीत. हे सांगायचे राहिले तर गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेतून माणूस देवाला घाबरून घरी जातो.

मला स्वतःला या विषयाची वाट जुन्या करारातल्या लेवीयाच्या 25व्या अध्यायातून सापडली, आणि त्याचे कारण बहुधा माझी बँकेतली नोकरी असावी. त्या अध्यायात जमिनीचे, घरांचे आणि माणसांचे व्यवहार आहेत. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे. कोणी गरिबीमुळे वतन विकले तर त्याच्या जवळच्या नातलगाने येऊन ते सोडवावे. कोणी कर्जापायी स्वतःलाच परक्याच्या हाती विकले, तर त्याला भावाने, चुलत्याने, चुलतभावाने किंवा रक्ताच्या दुसऱ्या कोणी सोडवावे, आणि किंमत 50व्या, म्हणजे विकलेले सगळे मोकळे होते त्या योबेल वर्षापर्यंत जितकी वर्षे उरली असतील त्या मानाने धरावी. त्रयस्थाने दया येऊन पैसे टाकावेत, असा हा नियम नाही. सोडवण्याचा अधिकार नात्यातून येतो.

रूथच्या पुस्तकात हाच नियम माणसांच्या अंगाखांद्यावर उतरलेला दिसतो. बेथलेहेमच्या वेशीवर बवाज दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि आपल्यापेक्षा जवळच्या एका नातलगाला विचारतो, नामी या विधवेचे शेत सोडवशील का? तो आधी हो म्हणतो. शेताबरोबर नामीची परदेशी, मवाबी विधवा सून रूथ हिचीही जबाबदारी येते हे कळल्यावर मात्र माघार घेतो, कारण तसे केल्याने त्याच्या स्वतःच्या वतनाचे नुकसान होणार असते. तो हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातली वहाण काढून बवाजाला देतो आणि गोष्टीतून निघून जातो. त्याचे नावही कोणी लिहून ठेवलेले नाही. मला या माणसाचा राग येत नाही. त्याचा हिशेब चोख होता. बवाज ते नुकसान अंगावर घेतो, रूथशी लग्न करतो, आणि मत्तयाने दिलेल्या वंशावळीत त्याच घरात पुढे दावीद आणि शेवटी येशू येतो.

सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर मी बरीच वर्षे काढली. सराफ दागिना कसाला लावायचा, वजन सांगायचा, पाकिटावर सील लागायचे आणि ते तिजोरीत जायचे. नवीन आलेल्या कारकुनाला सांगावे लागे की तिजोरीत असला तरी तो दागिना बँकेचा झालेला नाही. मालकी गहाण ठेवणाराचीच आहे, फक्त त्याला तो अंगावर घालता येत नाही. कळव्याहून येणाऱ्या एका बाईंच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या आमच्याकडे होत्या. नूतनीकरण करत करत त्यांनी व्याजापोटी इतके भरले होते की तेवढ्यात नव्या वाट्या आल्या असत्या, आणि मी एकदा तसे बोललेसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हिशेब समजला नाही म्हणून नव्हे, तर माझाच हिशेब अपुरा आहे अशा नजरेने. शेवटची रक्कम भरल्यावर त्यांनी पाकीट खिडकीवरच फोडायला लावले, वाट्या उलटसुलट करून पाहिल्या, आणि बाजूला उभ्या असलेल्या मुलीच्या मुठीत ठेवल्या. वस्तू आपली होती, म्हणून किंमत किती पडली हा प्रश्न त्यांच्यापुरता दुय्यम होता.

इथे दृष्टान्त थांबतो, तो पुढे ओढू नये. दागिना निर्दोष असतो. मनुष्य आपल्या पायांनी गुलामीत जातो. शिवाय दागिन्यावर बँकेचा हक्क रीतसर असतो, आणि पापाचा व मरणाचा आपल्यावर तसा काही रीतसर हक्क आहे असे मला शास्त्रात दिसत नाही. निर्गमाच्या 6व्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाला सांगतो की मी हात उगारून तुम्हाला सोडवीन. सोडवले, पण त्यांना गुलाम करणाऱ्या मिसरच्या राजाच्या, फारोच्या, हातावर एक छदामही ठेवला नाही. यशयाच्या 52व्या अध्यायात तर स्पष्टच आहे: तुम्ही फुकट विकले गेलात, पैशावाचून सोडवले जाल. तेव्हा खंडणी कोणाला दिली, याचे माझे उत्तर असे, की पैसे मोजून घेणारा कोणी तिथे नव्हताच. किंमत पडली हे खरे, आणि ती जिवाची पडली. ती सोडवणाराला पडली, एवढेच शास्त्र ठामपणे सांगते.

आणि म्हणून बेथलेहेमच्या गोठ्याला माझ्या लेखी वधस्तंभाइतकेच महत्त्व आहे. सोडवण्याचा अधिकार नात्यातून येतो, तर ज्याला मनुष्याला सोडवायचे आहे त्याने आधी मनुष्याचा नातलग व्हायला हवे. इब्री लोकांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात हाच धागा आहे: मुले रक्तमांसाची, म्हणून तोही त्यांच्यासारखाच रक्तमांसाचा झाला, आणि मरणाच्या भयाने जे आयुष्यभर दास्यात होते त्यांना त्याने मोकळे केले, त्यांना बंधू म्हणवून घ्यायला तो लाजत नाही. सरांना परक्याने फेडलेले पाप अन्यायाचे वाटते, आणि त्यात ते बरोबर आहेत. त्रयस्थाने माझे पाप उचलणे मलाही पटणार नाही. पण घरातल्या थोरल्याने धाकट्याच्या करणीची झळ आपल्या अंगावर घेतली, तर त्याला अन्याय म्हणण्याआधी आपणही जरा थांबतो.

ठाण्यात राहणाराने आणखी एक फरक लक्षात ठेवावा. याच ठाण्यात 1321 मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या चार संन्याशांना त्यांच्या श्रद्धेपायी मारण्यात आले. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. कॅथलिक मंडळी त्यांचा हुतात्मे म्हणून आदर करते, पण त्यांच्या रक्ताने ठाण्याचे तारण झाले असे कोणी म्हणत नाही. पौलानेच करिंथकरांना उपरोधाने विचारले होते, पौल का तुमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला? श्रद्धेसाठी मरण पत्करणे वंदनीय आहे. ते तारण नव्हे. हे वेगळे काढून ठेवले नाही, तर येशूचे मरण हे एका भल्या माणसाचे हौतात्म्य एवढेच उरते, आणि मग वर्षातून एक दिवस हार घालून आपण मोकळे.

हे सगळे शब्दांत फार झाले असे वाटू लागले की मला पंडिता रमाबाई आठवतात. इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या अँग्लिकन संन्यासिनींनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथील आपल्या आश्रमात पाठवले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे मायेने शुश्रूषा होत होती. ज्या स्त्रियांना आपल्याकडे उंबऱ्यावर कोणी उभे करत नव्हते, त्यांना इथे घरात घेतात, ते कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या 4थ्या अध्यायातली, तुच्छ मानल्या गेलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू आपणहून बोलतो ती कथा वाचून दाखवली. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला; आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या मुली आणि विधवांना आणून त्यांनी केडगावला जे घर उभे केले, त्याला नाव दिले मुक्ती. सोडवलेल्या माणसाला राहायला घर लागते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ धर्मोपदेशकांपेक्षा त्या बाईंना अधिक कळली होती.

सरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही इथून जवळच आहे. पाप फेडले गेले तर तुमच्याकडे काय उरले? लूकाच्या 19व्या अध्यायातला जक्कय हा जकातदार पाहावा. येशू आधी त्याच्या घरी जातो, लोक कुरकुरत असतानाच जातो; त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. परतफेड करून त्याने तारण विकत घेतले नाही; पण तारण घरात आल्यावर ती त्याला टाळता आली नाही. येशूचे त्यावरचे वाक्यही नात्याचेच आहे: हाही अब्राहामाचा पुत्र आहे. क्षमा झाली म्हणून शेजाऱ्याचे देणे बुडवणारा ख्रिस्ती मी पाहिला आहे, आणि त्याच्यापुरता सरांचा आक्षेप मी शंभर टक्के मान्य करते.

आता सर पुढचे विचारणार, हे मी ओळखून आहे. जक्कयाने ज्यांना नागवले आणि जे चौपट परत मिळण्याआधीच मेले, त्यांचे काय? पौल रोमकरांना 8व्या अध्यायात लिहितो की सारी सृष्टी कण्हते आहे, आणि आपणही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आतल्या आत कण्हतो. म्हणजे वधस्तंभानंतर काही वर्षांनी, तारण झाले असे ठामपणे सांगणाराच, ते अजून पुरते हाती आलेले नाही असेही लिहितो. मेलेल्या देणेकऱ्यांचा आणि घेणेकऱ्यांचा प्रश्न त्या वाट पाहण्यात येतो, आणि पुनरुत्थानावर विश्वास नसेल तर त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. सरांचा त्यावर विश्वास नाही. त्यांना आधी रूथचे पुस्तक वाचायला देणार आहे. चारच अध्याय आहेत, आणि त्या माघार घेणाऱ्या नातलगाविषयी त्यांचे काय मत होते ते मला ऐकायचे आहे.