लाल होईपर्यंत

हिरवी ढोबळी मिरची आणि लाल ढोबळी मिरची या दोन वेगळ्या जाती असाव्यात, अशी माझी कुंडीत पहिले रोप लावेपर्यंत ठाम समजूत होती. पानांआड नजरेतून सुटलेल्या एका फळाच्या देठाजवळ एके दिवशी चॉकलेटी झाक दिसली, ती रोज थोडी खाली उतरत गेली आणि आठवडाभरात सगळे फळ लालबुंद झाले, तेव्हा उमगले की इतकी वर्षे आपण कच्चे फळच खात आलो आहोत.

पूर्ण वाढलेले हिरवे फळ पिकायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. तोवर झाडाची ताकद त्या फळांत अडकून राहते आणि नवी फळे धरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे हिरवी तोडली तर संख्या जास्त, थांबलो तर गोडी जास्त. मी थांबतो, पण निम्म्या फळांपुरताच.

या थांबण्यात फळ हातचे जाण्याची भीतीही असते. एकदा फळांच्या बुडाशी खोलगट, चामड्यासारखे काळे डाग पडले आणि मी रोग समजून फवारणी करत बसलो. दोष माझ्या पाणी घालण्यात होता: कधी माती कोरडीठाक, कधी चिखल, अशा वेळी मातीत असलेले कॅल्शियमही फळाच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. (तीन कंगोऱ्यांचे फळ नर आणि चार कंगोऱ्यांचे मादी, असेही मला छातीठोकपणे सांगण्यात आले होते; माझ्या एकाच झाडाला दोन्ही लागतात.)

पिकलेले फळ मी थेट आचेवर धरतो. साल तडतडत काळी पडली की ते झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे आतल्या वाफेने साल सुटते आणि बोटांनी सहज निघते. ती पाण्याखाली धुवून काढू नये, कारण सालीबरोबर भाजल्याचा धुरकट स्वादही वाहून जातो.

मात्र भाजण्याआधी बी काढून घेतो. हिरव्या फळातले बी मी एकदा हौसेने पेरले होते, पण कोवळे असल्याने एकही कोंब आला नाही. पिकलेल्या फळातले टणक, पिवळसर बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधले आहे. शेजारच्या कुंडीत तिखट मिरची फुलत होती आणि तिचे परागकण या झाडाच्या फुलांवर आले असू शकतात. त्यामुळे यंदाचे फळ गोडच निघाले असले, तरी या बियांतून काय उगवेल याची मला खात्री नाही.