इकॅरसच्या मांडीवरच्या रेषा

मंगळवार, रात्री उशिरा

मनगटाचं प्लास्टर निघून आज अकरा दिवस झाले. मूठ मिटते, पण पुरती उघडत नाही. व्यायामाचा स्पंजचा चेंडू उजव्या हातात दाबत बसले होते. डाव्या हाताने लॅपटॉपवर 'इकॅरस' उघडला.

हेंड्रिक गोल्टझियसने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं हे छापचित्र १५८८ मधलं. जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ, कडेने लॅटिन ओळी, आणि आत पडत असलेला नागडा तरुण. ग्रीक पुराणकथेतला हा इकॅरस, मेणाने जोडलेल्या पंखांवर उडालेला. बाप डेडॅलसने बजावलं होतं, फार वर जाऊ नकोस. पोरगं सूर्याजवळ गेलं, पंखांचं मेण वितळलं. याच्या जोडीला आणखी तिघं कोरलेत: फेथॉन, टँटॅलस आणि इक्सायन. सगळे मर्यादा ओलांडून शिक्षा भोगणारे. मूळ रचना चित्रकार कॉर्नेलिस याची, तोही गोल्टझियससारखाच हार्लेम या डच शहरातला. पण मला धरून ठेवलं ते कोरणाऱ्याने.

इकॅरसच्या मांडीपाशी चित्र मोठं करत गेले. लांबून जो पिळदार स्नायू दिसतो, तो जवळून नुसत्या वळणदार रेषा आहेत. सुरुवातीला केसासारखी बारीक, मध्ये फुगलेली, पुन्हा निमुळती होत विरलेली. कोरणी, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, खोल गेली की रेष जाड, हलकी केली की बारीक. दोन दिशांच्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे शंकरपाळ्यासारखे चौकोन होतात, आणि काही चौकोनांत मधोमध एकेक टिंब. तांब्यात चुकलेली रेष खोडरबराने जात नाही. किती धीर लागला असेल!

आणि हे सगळं कोरणारा उजवा हात भाजलेला होता. त्याचा मित्र कारेल व्हॅन मांडर याने १६०४ मध्ये छापलेल्या चरित्रात लिहून ठेवलंय: जेमतेम वर्षाचा असताना हेंड्रिक विस्तवात पडला, आणि उजवा हात नंतर आयुष्यभर पूर्ण उघडला नाही. कोरणी मात्र बोटांच्या नजाकतीने चालत नाही. तिची गोल मूठ तळव्यात बसवून पुढे रेटायची असते, जोर खांद्यातून येतो, आणि वळण हवं तिथे खालचा पत्राच फिरवतात. आखडलेल्या हाताला ते जमून गेलं, असं अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. तरी त्या लहान पोराच्या आईचा विचार मनातून जात नाही.

त्याच १५८८ मध्ये त्याने एक हात लेखणीने रेखाटला. हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहे. तो त्याचा स्वतःचाच, असं मानतात. आखडलेली बोटं, नखं, फुगलेल्या शिरा, काहीही लपवलेलं नाही. रेषा शाईच्या, पण अगदी तांब्यात कोरल्यासारख्या, त्याच फुगणाऱ्या आणि निमुळत्या. आणि खाली स्वतःचं नाव, ठळक. ते चित्र बराच वेळ तसंच उघडं ठेवलं. चेंडू कधी बाजूला ठेवला कळलं नाही.

ही नोंद आधी वहीत लिहिली, उजव्या हाताने. दीड पान झाल्यावर अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, तेव्हा थांबले.