मुलगा १८ चा झाला आणि माझी सही चालेनाशी झाली (लीगल गार्डियनशिपचा माझा अनुभव)

लीगल गार्डियनशिप, म्हणजे सज्ञान मुलाचं कायदेशीर पालकत्व, कसं काढलं हे बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही कळव्याला राहतो, धाकट्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधीच काढलेलं. आजोबांनी त्याच्या नावावर एफडी ठेवलीय, तो लहान होता तोवर गार्डियन म्हणून मी सही करायचे, व्याज थेरपीला जायचं, कधी काही अडलं नाही. तो १८ चा झाला आणि एफडी रिन्यू करायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम आता तुमची सही नाही चालणार, ते मेजर झाले, त्यांना घेऊन या. घेऊन गेले. त्याने फॉर्मवर भलं मोठं नाव लिहिलं, चौकटीच्या पार बाहेर, आणि खाली एक लोकल काढली, खिडक्यांसकट. मग तीच म्हणते, ह्यांना कळत नाहीये ना, अशी सही आम्ही कशी घेऊ! म्हणजे तो मोठा झाला म्हणून माझी सही नको आणि त्याला कळत नाही म्हणून त्याची नको, मग घ्यायची कोणाची?

मॅनेजर म्हणाले त्याच्याकडून पॉवर ऑफ ॲटर्नी करून आणा. माझा मावसभाऊ वकील आहे, ठाण्यात कोर्टात असतो, त्याला फोन केला तर हसतच सुटला. म्हणाला, ताई, पॉवर देणारा माणूस स्वतः करार करायला लायक लागतो, ज्याला स्वतःलाच करार करता येत नाही तो तुला अधिकार कुठून देणार? मग त्याने नीट समजावलं. १८७२ चा आपला करार कायदा, त्याचं कलम ११, करार करणारा सज्ञान हवा आणि त्याचं मन ठिकाणावर हवं. कलम १२ मध्ये ठिकाणावर म्हणजे काय ते दिलंय, की करार करतेवेळी त्याला तो समजला पाहिजे आणि त्यात आपलं भलं की नुकसान ह्याचा विचार करता आला पाहिजे. हे त्या वेळेपुरतं बघतात, म्हणजे एखादा एरवी भ्रमात असतो पण मधूनमधून भानावर येतो, तर भानावर असताना त्याने केलेला करार चालतो. आमच्याकडे तसं मधूनमधून काही नाही, तो आहे तसा आहे, आणि मजेत आहे.

हे चालू असतानाच मोबाइलचं प्रकरण झालं. स्टेशनजवळच्या एका दुकानात हा एकटाच गेला, दुकानातल्या पोराने आधार घेतलं, ओटीपी घेतला आणि नवा कोरा फोन हप्त्यावर हातात दिला. घरी आल्यावर विचारलं, हप्ता म्हणजे काय रे? तर म्हणे, दर महिन्याला मोबाइल मिळतो. मी कपाळावर हात मारला आणि नवरा इतका हसला की मी त्याच्यावरच चिडले. भावाने फायनान्सवाल्यांना पत्र लिहिलं, कलम ११ आणि १२ टाकून, सोबत दाखला आणि आयक्यूचा रिपोर्ट, की हा करार मुळातच रद्दबातल आहे, फोन खोक्यासकट परत घ्या. थोडी टोलवाटोलवी झाली पण घेतला. त्याच निमित्ताने त्याने १९०३ ची मोहरीबीबीची केस सांगितली, कलकत्त्याच्या एका अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, मुलाने सावकाराकडून २०,००० रुपयांना घरं गहाण टाकली होती आणि प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) सांगितलं की अज्ञानाने केलेला करार नंतर रद्द करायचा वगैरे प्रश्नच नाही, तो पहिल्यापासूनच शून्य. आणि हो, असं नाही की अशा माणसाला कोणी काही दिलंच तर ते फुकट, जेवणखाण, औषध, कपडे ह्या गरजेच्या वस्तू पुरवल्या तर त्याचे पैसे त्याच्या मालमत्तेतून मागता येतात, कलम ६८. महागडा फोन त्यात बसवणं अवघडच.

तर मुख्य रस्ता. नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे १९९९ चा, त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात लोकल लेव्हल कमिटी असते, एलएलसी म्हणतात, कलेक्टर तिचे प्रमुख, शिवाय एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती. हीच कमिटी १८ च्या वरच्यांना लीगल गार्डियन नेमून देते, कोर्टात जावं लागत नाही. पण फक्त चार प्रकारांसाठी हं, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका स्ट्रोकनंतर कोमात आहेत, काकूंनी माझं बघून हाच फॉर्म भरायला घेतला होता, त्यांना थांबवलं, ते ह्यात बसत नाहीत, त्यांना हायकोर्टात जावं लागतंय.

अर्ज आईवडिलांनी मिळून करायचा असतो. दाखला, दोघांचं आणि मुलाचं आधार, जन्मदाखला, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, एवढं जमवलं. फॉर्ममध्ये गार्डियनशिप कशासाठी पाहिजे हे विचारतात, तिथे मोघम लिहू नका, कारण खरंच गरज आहे का आणि कशापुरती आहे हे कमिटीने बघायचं असं कायद्यातच आहे. आम्ही बँक, एफडी आणि पुढे नवऱ्याच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन असं स्पष्ट लिहिलं.

मीटिंगला कोर्टनाक्याला कलेक्टर ऑफिसात मुलाला घेऊन गेलो. मला वाटलं होतं आम्हालाच प्रश्न विचारतील, पण त्यांनी सरळ त्याच्याशीच बोलायला सुरुवात केली. कुठे राहतोस? कळवा. कसा आलास? तर ह्याने ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण एका दमात म्हणून दाखवलं, आलो आम्ही कळव्याहून ठाण्याला पण ते जाऊ दे. मग कमिटीतल्या एका मॅडमनी पाचशेची नोट दाखवली, तीनशेची वस्तू घेतली तर किती परत घेशील? म्हणाला, घेणार नाही, तुमचेच ना पैसे. सगळे हसले, तोही हसला. शेवटी विचारलं, तुझ्या पैशांचं आईने बघितलं तर चालेल? ह्याने माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, चालेल, पण वडापाव मी घेणार. हे त्यांनी विचारलं ह्याचं मला फार बरं वाटलं, नाहीतर नातेवाइकांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात.

काही दिवसांनी सर्टिफिकेट आलं. ते घेऊन बँकेत गेले तर आधी म्हणे कोर्टाचीच ऑर्डर लागेल. इथे गप्प बसायचं नाही. एलएलसीचं सर्टिफिकेट खातं उघडायला आणि चालवायला चालतं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवून ठेवलंय, भावाने ते सर्क्युलर प्रिंट काढून दिलं होतं, ते टेबलावर ठेवलं, मॅनेजरनी दोनदा वाचलं, वर कुठेतरी फोन केला, आणि झालं काम. तुम्ही जाल तेव्हा प्रिंट घेऊनच जा, मोबाइलवर दाखवलं तर कोणी बघत नाही.

आता एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. गार्डियन झालात म्हणजे पैसे तुमचे झाले नाहीत. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी कमिटीला द्यायची, आणि दरवर्षी मार्च संपला की तीन महिन्यांत हिशेब. गैरवापर किंवा हेळसांड दिसली तर गार्डियनला काढताही येतं. मला हे पटतं, माझ्या नणंदेला नाही पटत, ती म्हणते आईला कसला हिशेब विचारता. पण उद्या आम्ही नसू तेव्हा जो कोणी येईल त्याला विचारणारं कोणी नको का?

यादी दिली. पहिला हिशेब जूनच्या आत जायचाय, मी वहीत सगळं लिहितेय, थेरपी, औषधं, रिक्षा. वडापावचे पैसे त्यात धरायचे का, ह्यावर नवऱ्याचा आणि माझा वाद चालू आहे, तो म्हणतो धर, मी म्हणते बिल कुठून आणू.