कापडाची मागची बाजू

जून उजाडला की मंडळाच्या कपाटातून दोऱ्याच्या लडी आणि रिंगा बाहेर निघतात. २० जून हा जागतिक निर्वासित दिन. त्याच्या आसपासच्या रविवारी आमचा मेळावा. महिनाभर आधी कापडाचे चौकोन वाटायचे. निर्वासित बायकांनी आणि आम्ही ते भरायचे आणि त्या दिवशी जोडून एकच चादर शिवायची.

पहिल्या वर्षी आम्ही शिकवायच्या तोऱ्यात. फळ्यावर साखळी टाका काढून ठेवला होता! एका पॅलेस्टिनी आजींनी सगळं ऐकून घेतलं, माझा चौकोन हातात घेतला आणि आधी उलटा केला. मागे नुसत्या गाठी. त्या हसल्या आणि पिशवीतून एक जुना तुकडा काढून पालथा ठेवला. लाल दोऱ्याचं सरूचं झाड, मागून एक गाठ दिसेल तर शपथ. आईच्या झग्याचा छातीवरचा भाग होता तो. हे भरतकाम म्हणजे तत्रीज. पूर्वी त्याच्या नक्षीवरून बाई कुठल्या भागातली, हे कळायचं. २०२१ साली युनेस्कोनं ते अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. फळा आम्ही मुकाट्यानं पुसला.

मग कुणीतरी हमोंग जमातीच्या बायकांबद्दल वाचून आलं. १९७५ नंतर लाओस सोडून थायलंडच्या छावण्यांत राहिलेल्या या बायकांनी मेकाँग नदी ओलांडतानाचे प्रसंग कापडावर भरले होते. झालं, त्या वर्षी आम्ही विषय दिला, ‘तुमचा प्रवास’. एकीनंही तो भरला नाही. एकीनं मागे राहिलेलं शिवणयंत्र भरलं, चाकाच्या दांड्यांसकट. दुसरीनं कोंबडी. तेव्हापासून विषय देणं बंद.

एका वर्षी दोन चौकोन अर्धेच परत आले. भरणाऱ्या दोघींना मेळाव्याआधीच दुसऱ्या शहरात हलवलं होतं. पाहुणे येणार, आपणच पुरे करून टाकू, असं मी म्हटलं. बाकीच्या ऐकेनात. पेन्सिलीच्या रेघा तशाच ठेवून ते जोडले. माझी तेव्हाची कुरकुर आठवली की आजही ओशाळायला होतं.

त्याच वर्षी चादर भिंतीला न लावता दालनाच्या मधोमध दोरीवर टांगायची टूम निघाली, दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून. आजी थेट मागे गेल्या. माझा चौकोन शोधायला त्यांना वेळ लागला नाही. गाठी मोजल्या, तीन बोटं वर केली. मागच्या वर्षी अकरा होत्या.