रील नागपुरात चालली, काम धायरीत मिळालं

माझं दुकान पुण्यात, धायरी फाट्याच्या आत, पिठाच्या गिरणीला लागून. दहा बाय बाराचा गाळा. पंखे, मिक्सर, इस्त्री सगळं करतो, पण पोट भरतं ते गीझरवर. कारण पाणी. धायरीचा राहिलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला खरा, पण बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीत अजून टँकरचं नाहीतर बोअरचंच पाणी पडतं, आणि बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. खडकवासला धरणाच्या पाण्यावर चाललेला गीझर आणि बोअरवर चाललेला गीझर उघडून शेजारी ठेवले, तर दोन्ही एकाच कंपनीचे आहेत हे पटत नाही.

पूर्वी काम मिळायचं ते वॉचमन आणि हार्डवेअरवाल्याच्या ओळखीने. मग लोकांना मोबाइलवरूनच माणूस बोलवायची सवय लागली आणि वॉचमनला कोणी विचारेना. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, म्हणजे ऐन सीझनला, मी दुपारी शब्दकोडं सोडवत बसलो होतो. भाचा दिवाळीच्या सुट्टीला आला होता. त्याने मोबाइलवर शोधून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, गिरणी दिसते नकाशावर, तू नाही दिसत."

मी त्याआधी एका लिस्टिंग कंपनीला, म्हणजे पैसे घेऊन गिऱ्हाइकांचे नंबर पुरवणाऱ्या कंपनीला, वर्षभराचे पैसे भरून बसलो होतो. नंबर यायचे, पण तोच नंबर चार-पाच जणांना दिलेला असायचा. मी फोन करेपर्यंत गिऱ्हाईक वैतागलेलं. त्यामुळे फुकटात नाव येतं यावर माझा विश्वास नव्हता.

गुगलवर प्रोफाइल काढताना पहिली चूक माझीच. नावाच्या जागी मी 'बेस्ट गीझर रिपेअर धायरी पुणे' असं लिहिलं. म्हटलं, लोक हेच शोधतात ना! पडताळणीसाठी व्हिडिओ मागतात: रस्ता, दुकानाचा बोर्ड, आतली हत्यारं, आणि दुकान तुमचंच आहे हे दिसेल असं काहीतरी, सगळं सलग, मध्ये न कापता. मी ऐटीत शटर उघडून दाखवलं. चार दिवसांनी नापास. बोर्डावर एक नाव, प्रोफाइलला दुसरं, कसं चालेल? बोर्डावर असेल तेच नाव तिथे लावायचं असा नियमच आहे. नाव बदललं, पुन्हा व्हिडिओ काढला. या वेळी गिरणीवाल्याने मागून "घ्या, हिरो आला!" म्हणून आवाज दिला, तोही रेकॉर्ड झाला. तरी पास झालो.

मग रील. नऱ्ह्यातल्या एका घरून २५ लिटरचा गीझर दुकानात आणला होता. पाणी तापवणारी कॉइल बाहेर काढली तर शेवग्याच्या शेंगेएवढी जाड झालेली, वर चिरोट्यासारखे पांढरे पापुद्रे. पेचकसाच्या मुठीने टकटक केलं की खपली निघून पेपरवर पडायची. टाकी उलटी केली, पातेलंभर भुगा निघाला. आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजते म्हणून टाकी गंजत नाही. बोटाएवढी जाड असते, इथे नुसती तार उरली होती. भाच्याने हे सगळं दीड मिनिटात बसवलं. मी फक्त एवढंच बोललो, "पाणी गरम व्हायला वेळ लागतो म्हणून थर्मोस्टॅट वाढवू नका, आधी आत बघा."

१ लाख ८० हजार लोकांनी पाहिली. घरात पेढे आणायचे तेवढे बाकी होते. फोन आले नागपूरहून, लातूरहून, एक तर दुबईहून. सगळ्यांना फोनवरच फुकट सल्ला हवा होता. धायरीतून एकही फोन नाही.

भाचा म्हणाला, बूस्ट करू, म्हणजे पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवू. ५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. ठिकाण त्याने 'पुणे' ठेवलं. झालं, वाघोली आणि चाकणहून फोन. २५० रुपये व्हिजिट चार्जसाठी मी धायरीहून वाघोलीला जाऊन परत येईपर्यंत गीझरच काय, मीही थंड होईन. दुसऱ्या वेळी नकाशावर पिन थेट धायरी फाट्यावर टोचली, घेर जेवढा लहान होईल तेवढा केला आणि मजकुरात फक्त गावं लिहिली: धायरी, नऱ्हे, वडगाव, नांदेड सिटी. लाइक सतरा आले. आठवड्यात कामं नऊ.

या उत्साहात एक घोळ झाला. वडगावात एका काकूंच्या बाथरूममध्ये काम करताना मी मोबाइल खिडकीत ठेवून व्हिडिओ काढला. स्क्रू, वॉशर यांच्याकडेच लक्ष. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि आरशात अर्धं घर दिसतंय, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. तोवर स्टेटसला लागला होता आणि कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाही होता. काकूंचा फोन आला. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुम्ही गीझर उघडायला आला होतात, आमचं घर नाही." व्हिडिओ काढून टाकला, जाऊन माफी मागितली, पैसे परत करायला लागलो तर घेतले नाहीत. तेव्हापासून काढलेला पार्ट बाल्कनीत नेतो, पेपर अंथरतो आणि विचारून फक्त पार्टचाच फोटो घेतो.

आता बहुतेक काम व्हॉट्सॲपवरून येतं. बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉग असतो. त्यात कॉइल, थर्मोस्टॅट, वॉल्व्ह यांचे फोटो आणि मजुरी टाकून ठेवली आहे, त्यामुळे दारात घासाघीस होत नाही. पण ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीचं, एक गुपित उशिरा कळलं. समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मी ऑक्टोबरात 'थंडीआधी सर्व्हिसिंग करून घ्या' म्हणून दोनशे जणांना पाठवला होता, निम्म्यांना मिळालाच नव्हता. आता काम संपलं की गिऱ्हाइकाच्या समोरच नंबर सेव्ह करून घेतो. कोणी 'गीझर काका' म्हणून करतं, कोणी 'धायरी कॉइल'. एकाने 'अर्जंट' म्हणून केलाय.

रिव्ह्यूसाठी सूट द्यायची नाही. गुगलला ते चालत नाही आणि मलाही भीक मागितल्यासारखं वाटतं. निघताना लिंक पाठवतो, लिहायचं तो लिहितो. मध्ये एकाने एक स्टार दिला, 'माणूस आलाच नाही.' त्या नावाचं काम माझ्या वहीत नव्हतं. रात्री रागाने लांबलचक उत्तर लिहिलं होतं, बायकोने मोबाइल काढून घेतला. सकाळी दोन ओळी लिहिल्या: तुमच्या नावाची नोंद सापडत नाही, फोन करा, व्हिजिट चार्ज घेणार नाही. फोन आला नाही. पण ते उत्तर वाचून आलेली दोन गिऱ्हाइकं मला माहीत आहेत.

गेल्या डिसेंबरात वडगावच्या काकूंचा मेसेज आला. गीझर पुन्हा गळत होता. खाली लिहिलं होतं, "उद्या दहाला या. मोबाइल गाडीच्या डिकीत ठेवून या."